खंडेनवमीचं तेल

धुळाप्पा पांचाळाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "माझ्याच चुकीनं गेली," आणि विषय बदलायचा. हे खोटं होतं. धुळाप्पाला खोटं बोलायला कधी जमलंच नाही. बोलायला गेला की कान लाल व्हायचे, समोरच्याला लगेच कळायचं. हे एक खोटं मात्र त्यानं पचवलं. ते मोडलं मी, आणि शपथ घेऊन मोडलं. म्हणून ही हकिकत सांगायची पाळीही माझ्यावरच आली आहे.

आमचं गाव सास्तूरपासून दोन कोसांवर. भूकंपाच्या आधीचं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. धुळाप्पाचं घर वेशीजवळ, आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. छप्पन सालानंतर माझ्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले आणि ओढ्यात सोडून आले. धुळाप्पाच्या घरी देवांना कोनाडा पुरत नव्हता. एरवी आमची दोस्ती झाली नसती. ती केली बहात्तरच्या दुष्काळानं. माणसं एका रांगेत बसवण्याचं काम दुष्काळ फार चांगलं करतो.

त्या साली गावात बैल उरला नाही. बैल नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे चाकावर लोखंडी धाव चढवायची नाही, आणि नांगर तर भिंतीला टेकूनच होते. लोहाराच्या घरचा भाता थंड पडला. धुळाप्पाचे वडील आधीच वारले होते. आईला आणि नव्या नवरीला घेऊन तो पाझर तलावाच्या कामावर आला. मी खडी फोडायचो, तो बाभळीखाली बसून साऱ्या कामावरचे टिकाव न् पहारी पाजवायचा. दुपारी दोघं एकाच सावलीत मिलोच्या, त्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या भाकरी खायचो. भाकरी नरड्याखाली उतरत नसे, म्हणून बोलत बसायचो.

एक दिवस तलावाच्या कामासाठी लोखंडी पत्रा कापायला शहरातून माणूस आला. सोबत एक उंच काळा बाटला, गॅस बनवायची एक कार्बाइडची टाकी आणि दोन रबरी नळ्या. त्यानं नळ्यांना जोडलेल्या कटरच्या तोंडाशी ज्योत पेटवली, पत्र्याची कड लाल केली, एक खटका दाबला आणि ठिणग्यांचा लोट खाली सोडत पत्रा सरळ कापत नेला. धुळाप्पानं हातातला टिकाव टाकला आणि तिथं जाऊन उकिडवा बसला. मुकादम ओरडला तरी उठेना.

संध्याकाळी मला म्हणाला, "मच्छिंदर, छिन्नी न्हाय, घण न्हाय. कापड फाटावं तसं फाटतंय रं लोखंड. आमच्या आज्यापणज्यानं नुसते खांदेच मोडून घेतले बघ."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात ते भूत शिरलं.

पुढं चारपाच वर्षांत आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मी मॅट्रिक झालेला, स्टोअरमध्ये कारकून लागलो. धुळाप्पा दुरुस्ती खात्यात हंगामी मदतनीस. तिथं पंचाक्षरी नावाचा गॅसकटर होता, अक्कलकोटकडचा, वागायला खडूस पण कामाला देवमाणूस. त्यानं धुळाप्पाला दोन वर्षं नुसत्या नळ्या गुंडाळायला लावल्या. मग हळूहळू हातात कटर दिला. आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट दहादा घोकून घेतली. ऑक्सिजनच्या बाटल्याला, त्याच्या आट्यांना, वरच्या पितळी रेग्युलेटरला तेलाचा थेंबही लागता कामा नये. त्या दाबाखाली तेल आपोआप पेटतं, काडी लागत नाही.

लोहाराच्या पोराला हे पटवून घेणं सोपं नव्हतं. त्याच्या घरात तेल म्हणजे लोखंडाचं दूध. आसाला तेल, ऐरणीला तेल, विळ्याला पाणी देताना तेल. धुळाप्पा मला म्हणायचा, "जलमभर ज्याला मित्र म्हटलं, त्यो हितं वैरी निघाला." पण त्यानं ते हाडात मुरवलं. बाटल्याला शिवायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. कारखान्यात पोरं त्याला 'सोवळ्यातला लोहार' म्हणायची.

त्र्याऐंशी साली कारखान्यानं जुना सेट मोडीत काढला आणि धुळाप्पानं तो घरी आणला. कटर, नळ्या, टाकी आणि रेग्युलेटर. ऑक्सिजनचा बाटला सोलापूरहून यायचा, आणि विक्रेता आडगावच्या माणसाला सहजी देत नसे. कारखान्याच्या इंजिनियर साहेबांनी चिठ्ठी दिली, "हा आमच्याकडं शिकलेला आहे, याला बाटला द्यावा." त्या चिठ्ठीवर धुळाप्पाचं सगळं चालणार होतं.

घरातल्या घरात कारखाना काढायचा तर आधी घर उलटंपालटं करावं लागतं. त्यानं भट्टी परसाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. कार्बाइडची टाकी भिंतीबाहेर ठेवली. तिच्यातून लसणासारखा वास सुटला की शेजारीण विचारायची, आज काय फोडणी दिली म्हणून. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचा. पहिला महिना त्यानं कुणाचंच काम घेतलं नाही. जुन्या धावांचे तुकडे घेऊन नुसता कापत बसायचा. हात भरभर चालला की काप अर्धवट राही, हळू चालला की कड वितळून लोंबे. खडूची रेघ मारायची, कापायचं, तुकडा उन्हात धरून बघायचा, फेकायचा. माझ्यासारख्याला बघून कंटाळा यायचा. पण ज्या दिवशी काप रेघेबरोबर सुटला, त्या दिवशी त्यानं तो तुकडा घरात नेऊन आईच्या हातात दिला.

आईचं नाव म्हाळसाबाई. मी काकू म्हणायचो. बारीक अंगाची, तोंडानं तिखट, आणि त्या घरातल्या प्रत्येक अवजाराला नावानं ओळखणारी. नवऱ्याबरोबर तिनं पंचवीस वर्षं भाता ओढला होता. तिनं तुकडा चाचपला. "धार न्हाय ह्येला," म्हणाली, पण पदरानं पुसून कोनाड्यात ठेवला. मग हळदीकुंकू आणून बाटल्याला बोटं ओढली.

मला चेष्टेची खोड. मी म्हणालो, "काकू, आता बाटल्यालाबी नवस बोला. बोकड कापा."

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "तुमी देव सोडले, बाबा. आमच्या देवांना कशाला हसतोस?"

मला तोंडात मारल्यागत झालं. त्या घरात मला कधी कुणी दाराबाहेर कप दिला नव्हता, आणि मी त्यांच्या श्रद्धेला टपली मारली होती. पुन्हा त्या घरच्या पूजेअर्चेबद्दल ब्र काढायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं.

हे ठरवणंच नडलं.

त्या वर्षी नवरात्रात धुळाप्पा कारखान्यावर अडकला. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा होता आणि ढीगभर पाइप कापायचे राहिले होते. खंडेनवमीला लोहाराच्या घरी अवजारांची पूजा असते. दरवर्षी ती धुळाप्पाच करायचा, पण साहेबांनी सुटी दिली नाही. मी मात्र एसटीनं गावी निघालो होतो. "मायला सांग, उद्या येतो," एवढा निरोप त्यानं माझ्याजवळ दिला.

मी गेलो तेव्हा पूजा झाली होती. पाटावर घण, हातोडे, सांडशा, छिन्न्या ओळीनं मांडलेल्या. झेंडूची फुलं, उसाचं वाढं. आणि बरोबर मध्यभागी धुळाप्पाचा पितळी रेग्युलेटर, त्याच्या पेटीतून काढून ठेवलेला. काकूच्या बाजूला करडीच्या तेलाची वाटी होती. सगळी अवजारं तेल पिऊन चमकत होती आणि पितळ तर जास्तच चमकत होतं.

"ह्यो नवा पाव्हणा," काकू कौतुकानं म्हणाली. "पहिलंच वरीस हाय. त्येला मधी बसवलाय."

प्रश्न माझ्या ओठावर आला होता. काकू, याला तेल लावलंत का? एवढंच विचारायचं होतं. स्टोअरमध्ये माझ्या टेबलाच्या वरच पाटी होती, ऑक्सिजनला तेल लावू नये. रोज वाचत होतो. पण मला तिचे ते शब्द आठवले, आणि वाटलं, पुन्हा यांच्या पूजेत नाक कशाला खुपसा? धुळाप्पा उद्या येईल, त्याचं तो बघून घेईल. मी निरोप सांगितला, चहा पिऊन निघालो. दसऱ्याला बहिणीकडं गेलो आणि ती गोष्ट विसरलो. साफ विसरलो. याला मी दुसरं नाव देणार नाही.

काकूनं दसऱ्याला पाट उचलला. कुंकू पुसलं, तेल पुसलं, कोरड्या फडक्यानं रेग्युलेटर लख्ख केला आणि होता तसा पेटीत ठेवला. वरून काहीच दिसत नव्हतं. आट्यांत आणि तोंडाच्या आत उतरलेलं तेल फडक्यानं कसं निघणार?

एकादशीला सकाळी धुळाप्पानं सोसायटीच्या गोदामाचं फाटक कापायला घेतलं. हात धुतले. रेग्युलेटर बाटल्यावर चढवला, डाव्या हातानं धरला आणि उजव्या हातानं बाटल्याची चावी सोडली.

मी बहिणीकडून रात्रीच परतलो होतो. आवाज ओढ्यापलीकडं मला ऐकू आला. धावत गेलो तेव्हा त्याची बायको अयोध्या त्याच्या हाताला लुगडं गुंडाळत होती आणि काकू नुसतीच दारात उभी होती. भुवया जळाल्या होत्या. गालावर पितळेचा तुकडा रुतलेला. हाताकडं मी एकदाच बघितलं.

सोसायटीचे चेअरमन बसप्पा पाटील यांची जीप होती. तिच्यातून त्याला सोलापूरला नेलं. मागं मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. नळदुर्गाच्या घाटात तो म्हणाला, "मच्छिंदर, आटे बुळबुळीत लागले मला. म्या म्हटलं, घाम आसंल."

मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"खंडेनवमीला मायनं पूजा केली व्हय?"

"व्हय."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. घाट उतरल्यावर म्हणाला, "कुणाला सांगायचं न्हाय. तिला तर न्हायच न्हाय. तिला कळलं तर ती अन्न सोडंल. शपथ घे."

"कुणाची घेऊ? मी देव मानीत न्हाय."

"तुझ्या बाबासायबांची घे."

मी घेतली.

महिन्यानं तो घरी आला. चिठ्ठी कारखान्याची होती, म्हणून इंजिनियर साहेब चौकशीला आले, बरोबर पंचाक्षरी. काकू उंबऱ्यात बसलेली. साहेबांनी विचारलं, "तेलाचा हात कुणी लावला?"

"म्याच," धुळाप्पा म्हणाला. "आसाला वंगण घालून आलो हुतो. हात धुवायचा इसरलो."

पंचाक्षरीनं झटकन मान वर केली. त्यानं शिकवलेला, कोपरापर्यंत हात धुणारा हा माणूस. तो धुळाप्पाकडं बघत राहिला. मग खाली बघू लागला. त्याला काही तरी कळलं असावं, पण साहेबापुढं तो बोलला नाही. साहेबांनी वही मिटली. "ज्याला एवढं कळत नाही, त्याला मी बाटला देऊ शकत नाही," म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. उरलासुरला बाटला ट्रॅक्टरमधून परत गेला, आणि कारखान्यातलं हंगामी कामही सुटलं.

आता त्याचा अर्थ समजून घ्या. सांडशीत तापलं लोखंड धरायचं तर डाव्या हाताची मूठ घट्ट लागते, आणि ती ताकद शेवटच्या दोन बोटांत असते. भट्टीचं काम त्याला संपलं होतं. गॅसचं काम उजव्या हाताचं, डावा नुसता टेकू. म्हणजे जे काम तो करू शकत होता त्याची चिठ्ठी बंद झाली होती, आणि चिठ्ठी परत मिळवायला एकच वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य त्यानं गिळलं. अयोध्या खुरपायला जाऊ लागली. धुळाप्पा पायात विळा धरून कानशीनं धार लावत बसायचा. कारखान्यातला माणूस भेटला तर रस्ता बदलायचा. कारागिराला उपास सोसतो, पण हात कच्चा म्हटलेलं सोसत नाही.

काकूच्या जिवाला पोराचा घोर लागला होता आणि तो तोंडावाटे निघायचा. रोज उठून तेच. शिमग्याच्या सुमारास मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. धुळाप्पा पाण्याला गेला होता. बसप्पा पाटील फाटकाचं काय करायचं ते विचारायला आले होते.

काकू त्यांना म्हणाली, "काय सांगू पाटील, ह्येच्या बानं चाळीस वर्सं घण मारला, नखाला धक्का लागला न्हाय. आन ह्यानं वर्सात हात घालवला. शिकून येडं झालं माझं पोरगं."

पाटील हसले. "व्हय की म्हाळसाबाई, ज्येचं काम त्येनं करावं. लोहारानं इंजिनियर व्हायला जाऊ न्हाय."

त्या हसण्यानं माझं टाळकं सरकलं. शपथ, घाट, सगळं विसरलो.

"काकू," मी ओरडलोच, "त्येनं तेल लावलं न्हाय! खंडेनवमीला त्या पितळेला तेल कुणी लावलं, ते आठवा जरा!"

पाटील उठून गेले. अयोध्येनं हातातलं सूप खाली ठेवलं. काकू माझ्याकडं बघत होती.

"करडीचं हुतं," ती हळू म्हणाली. "घरच्या करडीचं. ताजं."

"कुठलंबी असू द्या, काकू. तेल चालत न्हाय त्येला."

"धुळाप्पाला ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापास्नं."

तिनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसली. मी का बोललो असं मला झालं. माफी मागितली, तिला ती ऐकू गेली की नाही माहीत नाही. धुळाप्पा घागर घेऊन आला तेव्हा अयोध्येनं सूप पुन्हा हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टोअरमध्ये असताना शिपाई आला. "गेटवर एक म्हातारी बसलीय. साहेबाला भेटायचं म्हणते. तुमचं नाव सांगते."

काकू होती. जन्मात एकटी एसटीत बसली नव्हती. विचारत विचारत आली होती, फाट्यापासून चालत. मी म्हणालो, "काकू, घरी चला, मी सांगतो साहेबांना."

"तू सांगितलंस की आता," ती म्हणाली. "माझं मला सांगू दे."

साहेबांच्या खोलीत ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच बोलली. "सायेब, तेल म्या लावलं. पूजेला. मला ठावं नव्हतं. पोराची चूक न्हाय, त्येचा हात कच्चा न्हाय. तुमी कागदावर त्येची चूक लिवली आसंल, ती खोडा आन माझं नाव लिवा. म्हाळसाबाई."

साहेब गडबडले. "आजी, मग तो खोटं का बोलला?"

"म्या म्हातारी हाय, सोसायचं न्हाय, आसं वाटलं त्येला. म्हातारी काय आसल्यानं मरत न्हाय, सायेब. मराया पायजे हुती, पर न्हाय मेली."

दाराशी पंचाक्षरी येऊन उभा राहिला होता. तो आत आला आणि पहिल्यांदाच आपणहून बोलला. "साहेब, मी शिकवलाय त्याला. मी जामीन राहतो." साहेबांनी तिथंच नवी चिठ्ठी लिहिली. काकूला वाचता येत नव्हतं. तिनं ती घडी करून कनवटीला लावली आणि परतीच्या एसटीत ती कनवट मुठीत धरून बसली.

चिठ्ठी बघून धुळाप्पाला आनंद झाला असेल, तर तो मला दिसला नाही. संध्याकाळी ओढ्यावर येऊन त्यानं मला एवढंच विचारलं, "शपथ कुणाची घेतली हुतीस?" आणि निघून गेला. सहा महिने माझ्याशी बोलला नाही. बाटला आला, नवा रेग्युलेटर आला, काम सुरू झालं, सोसायटीचं फाटक उभं राहिलं, गावोगावचे आस न् दरवाजे येऊ लागले. मी लांबून ठिणग्या बघायचो. त्याचा राग मला मान्य होता.

काकू मात्र परसात येईनाशी झाली. अवजाराला शिवणं बंद. विळा मागितला तर सून उठायची. ती कुणाला बोलेनाशी झाली, आणि तिचं तिखट तोंड बंद पडलेलं घर फार वाईट वाटायचं.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी अयोध्या ओढा ओलांडून माझ्या दारात आली. "त्येनी बोलावलंय," म्हणाली.

मी गेलो. पाटावर अवजारं मांडली होती. रेग्युलेटर तिथं नव्हता. धुळाप्पा आईला दारातून हाक मारत होता आणि ती आतून म्हणत होती, "नगं. माझा हात वंगाळ हाय. तुझं तू कर." शेवटी तो आत गेला आणि दंडाला धरून तिला घेऊन आला, पाटापुढं बसवलं. तिनं तेलाची वाटी बघितली आणि तोंड फिरवलं.

धुळाप्पानं घण बाजूला सरकवला. मोकळ्या जागेत आपला डावा हात पालथा ठेवला.

"ह्येला लाव," तो म्हणाला. "ह्येच्यावरच चालतंय आपलं."

आधी तिनं पदराला हात पुसले. मग तिनं वाटीत बोटं बुडवली आणि त्याच्या हातावर टेकवली. मनगटापासून खाली आली. जिथं बोटं संपली होती तिथं थांबली. वर्षभरात तिनं तो हात जवळून बघितलाच नव्हता. दुखतं का, असं लांबूनच विचारायची, आणि तो न्हाय म्हणायचा.

"दुखतं का रं?" तिनं विचारलं.

धुळाप्पानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"दुखतं, माय," तो म्हणाला. "थंडीत लई दुखतं."

ती रडायला लागली, आणि रडत रडतच त्या दोन खुंटांवर तेल चोळत राहिली.